बॉबिनराजाची ओढणी

साडीच्या घडीतला पुठ्ठा. एक बाजू चकचकीत, दुसरी कोरी.

कानबाई देवीच्या विसर्जनाला बायकांत फुगडी घालणारा एकच मुलगा.

गुलाबी खडू, झिजून नखाएवढा.

गॅलरीतून आलेली शिट्टी.

“बॉबिनराजाला मिशी काढ,” शुभम म्हणाला. “आणि ओढणी खोड.”

लखनने खडू खाली ठेवला. दोघं सातवीतले, डिंडोलीच्या एकाच गल्लीतले. पाचवीपासून टाकाऊ पुठ्ठ्यांवर मिळून चित्रकथा करत होते. चित्रं लखनची, फुग्यांतलं बोलणं शुभमचं. त्यांचा बॉबिनराजा पडणाऱ्या माणसांना गुलाबी ओढणीत झेलायचा. सोमवारी शेवटचा भाग शाळेच्या प्रदर्शनात लागणार होता.

“ओढणी खोडली तर झेलेल कशात?”

“हातात. पहिलवान कर ना यार.”

“हात दोनच. इथे मागावरच्या माणसांसकट अख्खं लूमखातं पडतंय, शुभ्या.”

शुभम हसला. मग हसू आवरलं. “फुगडीपासून मोठी पोरं तुला काय म्हणतात, माहितीये?”

“माहितीये.”

“आता मलाबी म्हणतात.”

“मग?”

“मग ओढणी ठेवायची तर माझं नाव नको लावू.”

चौकट. शुभमची पाठ, हातात बॅट.

चौकट. लखनची आई रंजना साडीवर खडे चिकटवते आहे.

“शुभम काबर येत नही रे आते?”

“मॅच आहे त्याची.”

“रोज मॅच?”

लखनने पुठ्ठा पुढे ओढला. तिने मान वर न करता उरलेल्या खड्यांची डबी त्याच्याकडे सरकवली. त्याने ते एकेक करून ओढणीच्या काठाला लावले.

सोमवारी पुठ्ठे भिंतीवर लागले. खाली एकच नाव होतं, शेजारी जागा सोडलेली. फुगे कोरे होते. शुभमचं अक्षर मोठं, म्हणून लखनने ते नेहमीसारखे मोठेच काढले होते.

शुभम मोठ्या पोरांबरोबर आला. पोरं ओढणीकडे बोट दाखवून हसली. शुभम खिशातल्या पेनला हात लावून पहिल्या कोऱ्या फुग्यासमोर थांबला.

“चाल ने, यार!” मोठ्या पोरांपैकी एकाने त्याला पुढे बोलावलं.

तो गेला. दारापाशी लखन उभा होता. त्याने वाट दिली.

पाचवीतल्या पहिल्या पुठ्ठ्यावर लखनने बॉबिनराजाला टोपी काढली होती. ती खोडून ओढणी शुभमने काढली होती.