मला पाडा, पण इथेच बांधा

मित्रांनो, मी एक जुना बंबखाना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजाराला लागून उभा आहे. पाटीवर 'अग्निशमन केंद्र' लिहिले आहे, पण गल्लीत मला बंबखाना म्हणूनच ओळखतात. म्हातारपणी राग कमी होतो म्हणे. माझा वाढला आहे. का, ते ऐका.

मला बांधले तेव्हा बंब लहान होते. माझ्या दोन कमानींतून ते सहज ये-जा करत. हर्सूलपासून करमाडपर्यंत कुठेही कडब्याची गंज पेटली की वर्दी माझ्याकडेच येई. आगीच्या खबरेला आम्ही वर्दी म्हणतो. शाळेची मुले मला बघायला येत आणि भोंगा वाजवायचा हट्ट धरत.

मग शहर वाढले, बंबही मोठे आले. नवा बंब माझ्या कमानीत मावलाच नाही. तो अंगणात पत्र्याखाली उभा राहू लागला. माझे छत गळू लागले, मधल्या तुळईला तडा गेला. त्याच तुळईखाली जवान पाठ टेकतात. रत्नमाला नावाची फायरवुमन आहे. तिला कपडे बदलायला जागा नाही. ओल्या पाइपांच्या खोलीत, दाराला पाठ लावून ती गणवेश चढवते. आणि दुरुस्ती म्हणून काय केले? कुणी मोठे माणूस येणार असले की मला लाल रंग फासत. तडा बुजवला नाही, नुसता झाकला!

मला दुरुस्त करावे, पाडून नवा बांधावा की शहराबाहेर हलवावे, हे ठरवायला एक समिती नेमली. यंदाच्या मार्चमध्ये, भर दुपारी, ती तिसऱ्यांदा आली. तीन मोटारी आल्या आणि सावली बघून थेट माझ्या फाटकात लागल्या.

"साहेब, गाड्या बाजूला घ्यायला सांगा ना. बंब निघायची वाट आहे," रत्नमाला म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे हो," समितीचे मुख्य साहेब म्हणाले आणि आत चहाला बसले. मोटारींचे चालकही टपरीवर गेले.

तेवढ्यात वर्दी आली. मागच्या गल्लीत गाद्यांचे दुकान पेटले होते. बंबाचा चालक तौफिक उडी मारून जागेवर बसला. त्याने भोंगा सुरू केला.

"अरे, चाव्या कुठंयत? कुणाच्या गाड्या हायत ह्या?" तो ओरडत होता.

शेवटी रत्नमालाने आणि चार जवानांनी एक मोटार उचलून उचलून बाजूला सरकवली. आठ मिनिटे गेली. दुकान दोन मिनिटांवर होते, मित्रांनो!

दुकानाच्या वर कमरुन्निसा शिवणकाम करते. जिन्यात धूर कोंडला, म्हणून ती खिडकीत शिडीची वाट बघत उभी राहिली. धूर सहन होईना तेव्हा तिने खाली उडी टाकली. लोकांनी गाद्या अंथरल्या होत्या म्हणून वाचली. पण पाय मोडला.

पुढे समितीचा अहवाल आला. उशिराचे कारण काय लिहिले असेल? 'अरुंद रस्ता'! आणि शिफारस अशी, की मला बंद करून शहराबाहेर, करमाडच्या वाटेवरच्या मोकळ्या जागेत हलवावे. माझ्या विटा तापल्या त्या दिवशी. आगीजवळ इतकी वर्षे राहूनही कधी इतक्या तापल्या नव्हत्या.

जूनमध्ये लोकांच्या हरकती ऐकायला माझ्याच अंगणात सभा भरली. काहीजण म्हणाले, जुनी वास्तू आहे, हात लावू नका. साहेबांना बरेच वाटले. ते म्हणाले, "मग अजून विचार करू." इतक्यात कुबडीवर रेलत कमरुन्निसा उठली.

"साहेब, मी खिडकीत हुबी व्हते. भोंगा ऐकू येत व्हता, पण जवळ येत नव्हता. करमाडहून निघाला असता तर ऐकूसुदिक आला नसता. हे छप्पर पाडा. त्याच्याखाली ही लेकरं झोपतात, लई धोका हाय. पण नवीन बांधायचं ते इथंच बांधा."

"आणि रस्ता अरुंद..." साहेबांनी सुरुवात केली.

रत्नमाला पुढे आली. तिने वर्दीची नोंदवही टेबलावर उघडून ठेवली आणि मोठ्याने वाचली. "वर्दी तीन वाजून दहा. बंब बाहेर तीन अठरा. कारण, फाटकात समितीच्या मोटारी. खाली माझी सही आहे, साहेब. नोकरी गेली तरी ती खोडणार नाही."

सगळे साहेबांकडे बघत राहिले. त्यांनी वही दोनदा वाचली, चष्मा पुसला. मग अहवाल परत मागवला आणि स्वतःच्या हाताने 'अरुंद रस्ता' खोडून खरे कारण लिहिले. महिन्याभरात ठरले. मला पाडायचे आणि नवे केंद्र याच जागेवर, उंच दरवाजांचे, बांधायचे. तोवर बंब शेजारच्या शाळेच्या मैदानात राहील. जागा हलणार नाही. रत्नमालाची नोकरीही शाबूत आहे.

सोमवारी माझ्या भिंती पाडतील. मला वाचवा असे मी म्हणणार नाही. भिंती जपण्यासाठी नसतात, भिंतीआडची माणसे जपायची असतात. ते कळायला एका बाईचा पाय मोडावा लागला, हा राग मी बरोबर घेऊन जाणार आहे.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक प्रश्न विचारा. आपल्या दारात बंब किती मिनिटांत पोहोचेल? मोठी माणसे म्हणतील, "बघू." तेवढ्यावर गप्प बसू नका.