चरबी उतरवणारं पाणी

टाळ्या वाजत होत्या, हाच मुळात पहिला चमत्कार! फिनलंडच्या पूर्वेकडचं हे आमचं तळ्याकाठचं गाव. इथे लग्नात नवरानवरीला शुभेच्छा द्यायच्या, तर लोक नुसती मान हलवतात. बसथांब्यावर दोघं उभे राहिले, तर मधे तिसरा आरामात मावेल एवढी जागा सोडतात. अशा गावात, युवक मंडळाच्या लाकडी सभागृहात, सॉनातून, म्हणजे वाफेच्या गरम खोलीतून, नुकती बाहेर आलेली लालबुंद, घामेजलेली, चांगली भरल्या अंगाची माणसं एकमेकांसाठी टाळ्या वाजवत होती. वाजवताना थोडी लाजत होती, पण वाजवत होती.

"दोन किलो!" ओर्वोक्कीबाई वजनकाट्यावरून ओरडल्या. "माझ्या वेइयोराजानं आज दोन किलो सोडले! आणा गं लोणी!"

मग लोण्याचे अर्ध्या किलोचे चार पुडे आले आणि भिंतीवरच्या फळीवर, 'वेइयो' अशी चिठ्ठी लावलेल्या ढिगावर चढले. प्रत्येकाचा असा एकेक ढीग होता. वेइयोचा सगळ्यांत उंच.

"बघा, बघा डोळे भरून!" बाई म्हणाल्या. "एवढं लोणी हा माणूस पोटाला बांधून हिंडत होता. कुठं गेलं ते? पाण्यात गेलं! पाणी खोटं बोलतं का? काटा खोटं बोलतो का?"

मागच्या बाकावर वेइयोची बायको राइली कोट मांडीवर घेऊन बसली होती. फळीवर अकरा किलो लोणी होतं. आणि वेइयो पॅंटचा पट्टा आवळत होता, तो नेहमीच्याच भोकात. राइलीनं ते पाहिलं.

आता या बाईंचा विधी ऐका. दर गुरुवारी संध्याकाळी आल्या आल्या वजन. मग कोमट मीठपाण्याच्या टबात पाय सोडून बसायचं. टबात एक यंत्र, त्याची वायर भिंतीत. खटका दाबला की पाच-दहा मिनिटांत स्वच्छ पाणी पिवळं, मग तांबडं, मग चिखलासारखं तपकिरी व्हायचं आणि वर फेस तरंगायचा. "ही तुमची चरबी, हे तुमचं विष!" बाई चमच्यानं फेस उचलून नाकाशी धरायच्या. "तळपायातून निघालंय, राजा. कित्येक वर्षांची बंद दारं उघडलीत!" मग 'उघडलेली दारं शेकायला' सॉनात बसायचं, चांगला तास-दीड तास. पाण्याचा घोट घ्यायचा नाही, कारण पाण्यानं म्हणे दार बंद होतं. बाहेर आलं की पुन्हा वजन. फरक तेवढा बाई मोठ्यानं सांगणार.

फरक तेवढाच, बरं का. आकडा फक्त बाईंना दिसायचा. काट्याच्या काचेवर त्या रुमाल टाकून ठेवायच्या. "माझ्या माणसांची लाज मी राखते," असं म्हणायच्या. आणि इथेच आमची माणसं फसली. आमच्याकडे कुणाला पगार विचारत नाहीत, दुखणं विचारत नाहीत आणि वजन तर नाहीच नाही. दुसऱ्याच्या काट्याकडे पाहणं सोडाच, चारचौघांत स्वतःच्या आकड्याकडे पाहणंही आम्हाला अंगावर येतं. बाईंनी रुमाल टाकला तेव्हा प्रत्येकाला बरंच वाटलं. काय सभ्य बाई आहे!

वेइयो इथे आला कसा, तेही सांगते. सप्टेंबरात बोट किनाऱ्यावर ओढून घेताना तो मटकन खाली बसला. "जरा दम लागलाय," म्हणाला आणि तोंड राखेसारखं पडलं. हेलिकॉप्टर आलं, शहरातल्या इस्पितळात हृदयाच्या नळीत जाळी बसवली, माणूस वाचला. निघताना तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. जाळीत रक्त गोठलं तर पुन्हा झटका येईल, आणि तो परतवता येईलच असं नाही. आणि वजन उतरवा. मदत घ्या, एकट्यानं होत नाही ते."

मदत घ्या! राइली मदत शोधायला निघाली. आरोग्य केंद्राच्या फोनवर यंत्र बोललं, 'आम्ही तुम्हाला उलट फोन करू.' उलट फोन आला तेव्हा कळलं, आहाराच्या नर्सबाई रजेवर आहेत आणि बदली कुणी नाही. हृदयरोग्यांचा गट होता, पण पाऊण-एक तासाच्या गाडीवर, तोही भर दुपारी, कामाच्या वेळी. इंटरनेटवर वजन उतरवायचा एक कार्यक्रम सापडला, रोजचं खाणं नोंदवायचा. त्यात वेइयोनं एकदा राय धान्याची भाकरी आणि मासा नोंदवला, तर समोर एक हिरवा चेहरा हसला. "हा कोण मला हसतोय?" म्हणून त्यानं संगणकाचं झाकण बंद केलं. त्यानंतर तो नुसता खिडकीशी बसायचा. चालायला जायचा नाही. "रस्त्यात पडलो तर? लोक बघतील," म्हणायचा. रात्री राइली त्याच्या श्वासाकडे कान लावून जागी राहायची.

अशात ओर्वोक्कीबाई गावात आल्या, पैसे घेऊन दर गुरुवारी चरबी उतरवून देते म्हणत. पहिल्या गुरुवारी वेइयो तिथून परतला तो शीळ घालत. राइलीला तेव्हा बाईंचे पाय धरावेसे वाटले, खोटं कशाला सांगू!

पण त्या रात्री, अकरा किलो लोण्याच्या रात्री, घरी आल्यावर तिनं गोळ्यांची डबी पाहिली. सगळे कप्पे भरलेले.

"अरे, गोळ्या?"

"बंद केल्यात," वेइयो बूट काढत म्हणाला. "बाई म्हणतात, गोळ्या दार बंद करतात. म्हणून तर सुरुवातीला कमी उतरत होतं."

"वेइयो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? जाळी तुंबेल. मरशील रे!"

"मरेन? मला कधी नव्हे तेवढं हलकं वाटतंय."

"तुझा पट्टा तरी बघ! त्याच भोकात आहे!"

त्यानं पट्टा सदऱ्याखाली झाकला. मग म्हणाला, "राइली, इस्पितळात मला एक कागद दिला आणि दार दाखवलं. इथे माणसं माझी वाट बघतात. मी आलो की सरकून जागा देतात. तुला नाही कळायचं."

ती रडली, ओरडली, गोळी हातावर धरून तिनं लहान मुलासारखी विनवणी केली. त्यानं मूठ मिटून घेतली. तिनं आरोग्य केंद्राला फोन केला, तर उलट फोनवाल्या बाई म्हणाल्या, "सज्ञान माणसाला आम्ही जबरदस्ती नाही करू शकत." तेही खरंच. मग ती गेली आउलिस मास्तरांकडे. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी रसायनशास्त्र शिकवलेलं. आता सेवानिवृत्त, बर्फात भोक पाडून मासे धरत बसायचे.

"तांबडं पाणी?" मास्तर म्हणाले. "आणि मीठ घालते? पोरी, हा धडा मी तुला शिकवला होता."

"मास्तर, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते."

"सगळेच बघत होते. म्हणून तर ही बाई पोट भरतेय."

पुढच्या गुरुवारी मास्तर सभागृहात आले, खिशात सॉसेजचं पाकीट घेऊन. सॉनानंतर सॉसेज भाजून खायची आमची जुनी रीत, बाईंनी तीही बंद केलेली. सगळे पाकिटाकडे चोरून बघू लागले.

"या, मास्तर!" बाई गोड हसल्या. "तुमचीही दारं उघडायची?"

"माझी राहू द्या. आधी याची उघडा." आणि मास्तरांनी एक जाडजूड सॉसेज शांतपणे टबात सोडलं आणि खटका दाबला.

सगळे टबाभोवती वाकले. पाणी पिवळं झालं. मग तांबडं. मग तपकिरी, वर फेस.

"बाई, किती किलो उतरलं याचं?"

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. पण ओर्वोक्कीबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "अहो मास्तर, सॉसेजात चरबीच असते! निघणारच! उलट सिद्धच केलंत तुम्ही!"

"वा! मानलं," मास्तर म्हणाले. "मग आता रिकामं चालवू."

त्यांनी टब ओतला, घासून धुतला, नवं पाणी, तेच मीठ. आत कुणाचा पाय नाही, कसलं मांस नाही. खटका. चाळीस माणसं रिकाम्या टबाकडे बघत बसली. पाणी पिवळं झालं. मग तांबडं.

"हवेतलं विष..." बाईंनी तोंड उघडलं.

"लोखंड," मास्तर म्हणाले आणि यंत्र उचलून त्यातल्या दोन पट्ट्या दाखवल्या. खरवडलेल्या, कडा झिजलेल्या. "मीठपाण्यातून वीज सोडली की लोखंड भराभर गंजतं. हा गंज आहे. फेस येतो तो पाण्यातून निघणाऱ्या वायूचा, आणि पायाच्या साबणाचा. तुमच्या बोटीचा नांगर बुडवलात तरी हेच होईल."

"पण वजन?" बेकरीवाली तुउलिक्की उठली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो मास्तरांवर होता. "वजन तर उतरतं ना! काटा सगळ्यांसमोर आहे!"

"तास-दीड तास सॉनात घाम गाळलास, वर घोटभर पाणी प्यायली नाहीस, तर दीड-दोन किलो पाणी जाणारच. घरी जाऊन प्यायलीस की परत येतं. बाई दर गुरुवारी तेच पाणी नव्यानं मोजतात आणि लोणी चढवतात. ढीग वाढतो, तुम्ही तेवढेच राहता. खात्री करायची असेल, तर कुणीतरी आत्ता, सॉनाच्या आधी, रुमाल काढून काट्यावर चढा आणि इथे येण्याआधी किती होतं तेही सांगा."

कुणी हललं नाही. चाळीस जण जमिनीकडे बघत होते. मास्तरांनाही आपण काय मागून बसलो ते कळलं असावं, त्यांनी चष्मा पुसायला घेतला. बाईंच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला.

तेव्हा राइली उठली. कोट बाकावर ठेवून ती पुढे आली. "वेइयो," ती म्हणाली, "इस्पितळातून निघताना तुझं वजन एकशे चोवीस होतं. चढ."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आता हा उठून निघून जाणार, गोळ्यांविना, बर्फात. पण तो उठला, काट्यावर चढला, रुमाल स्वतःच बाजूला केला. बराच वेळ खाली बघत राहिला.

"एकशे पंचवीस," तो म्हणाला.

मागे फळीवर त्याच्या नावाचं अकरा किलो लोणी होतं. कुणी तिकडे मान वळवली नाही, तेवढी दया आमच्यात आहे. ओर्वोक्कीबाईंनी यंत्राची वायर गुंडाळता गुंडाळता सुनावलं, "संशयानं दारं बंद झाली! आता मला दोष देऊ नका!" लोक कोट चढवून एकेक करून बाहेर पडले. पुढच्या आठवड्यात बाईंनी शेजारच्या गावात दुकान मांडलं. आणि ऐका, तुउलिक्की आणि आणखी चौघं तिथे जातात. गंज बघूनही जातात! मास्तरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पाण्याचं मी सांगू शकलो. पुढचं मला शिकवता येत नाही."

त्या गुरुवारच्या रात्री वेइयोनं गाडी राइलीला चालवू दिली. घरी येऊन तो स्वयंपाकघरात बसला. राइलीनं डबी त्याच्यासमोर ठेवली आणि पाठ करून उभी राहिली, हात ओट्यावर घट्ट दाबून. पाण्याचा पेला उचलल्याचा आवाज आला. ठेवल्याचा आला. तिनं वळून पाहिलं. आजचा कप्पा रिकामा होता.

तिच्या तोंडून हुंदका फुटला. "शहाणा माझा!" ती म्हणाली.

"घेईन रोज," वेइयो म्हणाला. "पण चोवीसचं पंचवीस झालंय, राइली. गोळीनं ते उतरत नाही. हे मला एकट्याला जमत नाही, हे त्या बाईला कळलं होतं. चोर होती, पण तिला कळलं होतं. पुढच्या गुरुवारी मी कुठं जाऊ, सांग?"

राइलीनं सगळं ऐकून ठेवलं होतं, गंजाचं, घामाचं, मिठाचं. त्यात गुरुवारचं काही नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि दोघं टेबलाकडे बघत राहिली.

तेव्हा माझं सांगणं साधं आहे. पाणी लाल झालं की आधी विचारा, पाय न घालता होतं का? काट्यावर रुमाल दिसला की तो उचला, लाज वाटली तरी उचला. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांनाच विचारून थांबवा, टबवाल्या बाईंना नव्हे. आणि तुम्ही, आम्ही, जे हसत हसत असली सोंगं उघडी पाडतो, त्यांनी उघडी पाडून लगेच घरी जाऊ नये. वेइयोचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि आज बुधवार आहे.