नववी दासी

"काय नेसली व ते आज?"

रोज संध्याकाळी साडेसातला विमलताई हे विचारायच्या आणि शीला सांगायची. विमलताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र त्यांना अचानक सगळं लख्ख दिसू लागायचं. 'धुकेमहाल' ही मालिका त्यांच्याच्यानं सोडवत नव्हती. त्या टीव्हीसमोर मांडी घालून बसायच्या, बोलणं कानांनी ऐकायच्या आणि उरलेली मालिका सुनेच्या तोंडून पाहायच्या.

मालिकाही होती तशीच, नाद लावणारी. नीहारा नावाची साधी मुलगी लग्न होऊन धुक्याच्या महालात येते. नवरा राजपुत्र, देखणा, पण शापित. दिवसा त्याचं धुकं होतं, सांज झाली की माणूस होतो. नीहारानं महालाचा उंबरठा ओलांडला तर धुकं विरेल आणि तो कायमचा जाईल, असा तो शाप. म्हणून सासू, राणी कौमुदी, दारात बसून असते. चारशे भाग ती तिथंच बसली होती, आणि नेर गावातल्या निम्म्या बायका तिला शिव्या घालत होत्या. विमलताई घालत नसत. "तिचं बी पोरगंच हाय ना," म्हणायच्या.

एका संध्याकाळी नीहारा सलग पाचव्या दिवशी तीच निळी साडी नेसून आली. शीलाला कंटाळा आला. ती म्हणाली, "हिरवी नेसली, आई. मोरपंखी काठाची." आभाळ कोसळलं नाही. विमलताई खूश झाल्या. मग शीलाची भीड चेपली. तिनं नीहाराला पैंजण दिले, हनुवटीवर तीळ दिला, आणि एक दिवस खिडकीत पोपट आणून बसवला. मालिकेत पोपट कधीच नव्हता. विमलताईंनी त्याचं नावही ठेवलं, मिठू. पुढं रोज साडीच्या आधी मिठूची चौकशी व्हायची.

आणि एका शुक्रवारी मालिका बंद पडली. नीहारानं उजवा पाय उचलून उंबरठ्यावर धरला होता, तो तसाच राहिला. सोमवारी त्या जागी एक मिशाळ इन्स्पेक्टर आला.

विमलताई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. शीलाला तर घरातलं कुणी उचलून नेल्यासारखं झालं. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा अतुल पुण्याकडं कंपनीत होता. खोली मिळाली की नेतो, असं दर दिवाळीला म्हणायचा. पुण्यात एवढी माणसं राहतात, त्याला एकट्यालाच खोली मिळत नव्हती. घरात सासू आणि सून, आणि संध्याकाळचा तो अर्धा तास. आता तोही गेला.

पण मालिकेच्या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. यवतमाळची प्रेरणा तो चालवायची. तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तिनं लिहिलं, 'चॅनलनं शेवट केला नाही, तर आपण करू.' बारा जणींनी बारा शेवट लिहायचे, तिनं टाइप करायचे, चित्रं काढून, छापून, पिना मारून अंक बनवायचा. अंकाचं नाव 'आमचा शेवट'. खरी नावं छापायची नाहीत, कारण निम्म्या जणींच्या घरी ठाऊकच नव्हतं. महालात बारा दासी दिवे घेऊन उभ्या असायच्या. चारशे भागांत त्यांना कुणी नाव दिलं नव्हतं की एक वाक्य दिलं नव्हतं. म्हणून लिहिणाऱ्यांची नावं दासी पहिली, दासी दुसरी, अशी. प्रकाशनाच्या दिवशी मात्र प्रत्येकीनं एक दिवा लावायचा आणि आपलं खरं नाव सांगायचं.

शीला झाली दासी नववी. अतुलशी बोलते असं दाखवून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तिनं फोनवर गोष्ट लिहिली. अतुलशी ती एवढं कधीच बोलली नव्हती.

प्रकाशन रविवारी, यवतमाळला, अकरा वाजता. नेरहून यवतमाळ म्हणजे एसटीत बसून डुलकी लागेपर्यंत येतं. जगातल्या बायका कुठं कुठं जातात आणि शीलाला यवतमाळ गाठता येत नव्हतं. दाराला कुलूप नव्हतं. कुलूप असतं तर बरं झालं असतं, निदान किल्ली तरी शोधता आली असती. इथं दार दिवसभर उघडं, आणि पायरी उतरली की कोपऱ्यावरची सोनीबाई विचारायची, "कुठं निंगाली व?" मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं.

याला कारण थोरली सून दीपा. चार वर्षांपूर्वी ती शिवणक्लासच्या परीक्षेला यवतमाळला गेली. चारच्या गाडीनं येते म्हणाली. विमलताईंनी तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. दीपा आली नाही, महिन्याभरानं घटस्फोटाची नोटीस आली. थोरला रजत नागपूरला निघून गेला, तो सणालाही येईना. तेव्हापासून या घरची सून एकटी एसटीत बसत नाही. हे कुणी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, त्यामुळं त्यावर भांडताही येत नव्हतं.

बुधवारी पोस्टानं अंकाची पहिली प्रत आली आणि शीलाला युक्ती सुचली. आईंना अंक वाचून दाखवायचा. नववी गोष्ट ऐकली की त्यांचं मन वितळेल, आणि मग विचारायचं. युक्ती साधी होती, आणि शीलाचा तिच्यावर पुरता भरवसा होता.

गुरुवारच्या दुपारपासून वाचन सुरू झालं. विमलताई भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत ऐकायच्या. पहिल्या दासीनं नीहाराला उडत्या घोड्यावरून पळवलं. चौथीनं शाप खोटाच निघाला असं लिहिलं. सहावीनं तर राणी कौमुदीला विंचू चाववून मारलं. विमलताईंनी आठही गोष्टी ऐकल्या आणि प्रत्येकीनंतर एकच विचारलं, "पन यायच्यात मिठू कुठं गेला?"

शुक्रवारी नववी आली. तिच्या गोष्टीत कुणी पळत नव्हतं. राणी कौमुदी स्वतः उठते, स्वतःच्या हातानं दार उघडते आणि सुनेला म्हणते, 'जा, आभाळ बघून ये. अंधार पडायच्या आत परत आलीस तर माझा मुलगा वाचेल. नाही आलीस तर मी समजेन, या महालात परत यावं असं काही नव्हतंच.' नीहारा जाते. मिठू तिच्या खांद्यावर असतो. आणि दिवे लागायच्या वेळेला राणीला पैंजण ऐकू येतात.

विमलताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या रडत होत्या, पदरानं नाक पुसत होत्या. "हिले मिठू आठवला बा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सासू असावं त असं."

शीलाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तिनं लगेच विचारलं, "आई, रविवारी या पुस्तकाचा कार्यक्रम हाय यवतमाळले. मी जाऊन येऊ? चार वाजेपर्यंत येतो."

विमलताईंनी शेंग सोलली. दाणे सुपात टाकले.

"नाही," त्या म्हणाल्या.

"आता त तुमीच म्हनलं, सासू असावं त..."

"ते गोष्ट हाय, बाई. गोष्टीतली वापस येते." त्यांनी दुसरी शेंग उचलली. "दीपाबी चार वाजताच म्हनली होती."

झालं. एवढंच. शीलानं अंक मिटला आणि चहा टाकायला उठली. ओट्याशी उभी राहिल्यावर तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग सासूवर कमी आणि स्वतःवर जास्त होता. आपण गोष्टीत उघडलेल्या दारापाशी बाई ढसाढसा रडली आणि तिनंच आपल्या तोंडावर दार लावलं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट तिला त्या चहाच्या आधणाशी कळली. ती गेली असती, तर परत आली असती का, हे तिलाच सांगता येत नव्हतं. नीहाराला तिनं परत आणलं होतं. स्वतःचं तिनं कधी लिहूनच पाहिलं नव्हतं. चहा उतू गेला.

शनिवारी दुपारी विमलताईच म्हणाल्या, "ते नववीची गोष्ट वाच ना व पुन्हा."

शीलानं अंक उघडला. पान नववीचंच होतं. आणि तिनं जे वाचलं ते पानावर नव्हतं.

तिनं वाचलं, की राणी कौमुदी दारातून उठली नाही. नीहारानं उचललेला पाय मागं घेतला. वर्षं गेली. नीहारा सगळं काम करायची, रांधायची, वाढायची, फक्त बोलायची नाही. राणीची नजर गेली. राणी विचारायची, आज काय नेसलीस गं? बाहेर पाऊस आहे का? खिडकीत मिठू आहे का? आणि नीहारा काहीच सांगत नसे. शीला एका सुरात वाचत होती. एवढ्या मोठ्या महालात राणी हातानं भिंती चाचपत फिरायची, आणि तिला कुणी सांगत नसे की ती दाराशी आली की भिंतीशी.

"हे नव्हतं," विमलताई म्हणाल्या.

"हेच हाय."

"काल तिनं दार उघडलं होतं."

"आज नाही उघडलं."

विमलताईंनी मान तिच्याकडं वळवली. त्यांच्या बुबुळांवर दुधाळ साय होती, त्या नक्की कुठं पाहत होत्या ते समजत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आठजनीयले मिठू आठवला नाही. नववीलेच कसा आठवला?"

शीला पानाचा कोपरा दुमडत राहिली.

"तूच हायेस ना ते?"

"हो."

"मंग उघडाले लाव ना तिले. तुह्याच हातात हाय."

"माह्या हातात नाही, आई," शीला म्हणाली. "माह्या हातात असतं त मी कायले विचारलं असतं?"

विमलताईंनी सूप बाजूला सरकवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, भिंत चाचपत कपाटापाशी गेल्या आणि आत हात घालून एकेक साडी बोटांनी पाहू लागल्या. "जयंतीले नेसतो ते पांढरी कोनती व यातली?" त्यांनी विचारलं.

"काहून?"

"मीबी येतो संगं."

शीलाला आधी हसू आलं आणि मग कळलं. ती जाणार होती. महाल सोबत येणार होता.

रविवारी सकाळी सोनीबाईनं विचारलं, "कुठं निंगाल्या व दोघी?" आणि विमलताईंनी ठसक्यात सांगितलं, "आमच्या शीलाचं पुस्तक आलं." एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि शीलाच्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं. गर्दीत चुकामूक नको, म्हणाल्या. गाडीत सात माणसं होती.

हॉल लहानसा होता. बारा पणत्या टेबलावर मांडल्या होत्या. फोनवर वर्षभर भांडलेल्या बायका एकमेकींना पहिल्यांदा पाहत होत्या, आणि जी ग्रुपवर सगळ्यांत जहाल होती ती प्रत्यक्षात बोलेचना. शीलाची पाळी आली. ती उभी राहिली तसा पदर ताणला गेला, म्हणून जरा वाकूनच उभी राहिली. दिवा लावून म्हणाली, "दासी नववी. शीला. नेर." टाळ्या पडल्या.

"ताई, तुमचा पोपट लय आवडला," प्रेरणा हसत म्हणाली. "पण मालिकेत कुठं होता पोपट?"

शीलाच्या कानशिलांत रक्त चढलं. ती खाली बसली. शेजारी विमलताई ताठ बसल्या होत्या. "मिठू नव्हता?" त्यांनी हळूच विचारलं.

"नव्हता, आई."

"अन् मोरपंखी काठ?"

"निळीच होती. रोज निळीच."

मुठीतला पदर विमलताईंनी सोडला नाही, उलट अंगठ्याभोवती एक वेढा घेतला. "आता खरं खरं सांगजो," त्या म्हणाल्या. "काय काय हाय इथं?"

शीलानं सगळं खरं सांगितलं. बारा पणत्या, त्यातली एक विझलेली. प्रेरणाची जांभळी साडी, तिच्या ब्लाउजला लागलेली काळी शाई. पिवळ्या भिंती, कोपऱ्यात पोपडे. मागच्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर झोपलेलं बाळ. विमलताई मान हलवत ऐकत होत्या.

हॉलला दोन दारं होती, दोन्ही सताड उघडी. तेवढं शीलानं सांगितलं नाही.