सवतीची बरणी

ठकीची आई ठकीच्या प्रयोगशाळेत आली ती बरणी टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या लेकराला डॉक्टरकडे न्यावं तशी. मुख्य बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पेशंट कोण?"

"माझी सवत," आई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

बरणीत बाबांचं खमीर होतं, पाव फुगवणारं जिवंत आंबवण. बाबांची पावाची भट्टी होती. रोज सकाळी आधी खमिराला पीठ-पाणी, मग स्वतःचा चहा, हा त्यांचा नेम. बरणीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. निवत चाललेल्या चहाकडे बघत आईने उभा जन्म कुरकुर केली, "लग्न माझ्याशी केलंत की हिच्याशी?" बाबा नुसते हसायचे आणि चमचा ढवळत राहायचे.

मग बाबा गेले, भट्टी विझली आणि आईने बरणी फ्रिजच्या तळाशी ढकलून दिली. राग होता तो, दुसरं काही नाही. ते गेले आणि ही मात्र राहिली, याचा राग. तो ओसरल्यावर तिने झाकण उघडलं, तर वर काळपट पाणी आणि डोकं उठवणारा वास. पीठ घातलं, कोमट पाणी घातलं, विनवण्या केल्या. एक बुडबुडा येईल तर शपथ!

"मीच मारलं गं हिला," ती ठकीला म्हणाली. "तुझ्या बाबांचं एवढंच उरलं होतं."

जिवंत काय आणि मेलेलं काय ते ओळखणं, ठकीचं रोजचं काम नेमकं हेच होतं. काचेच्या पट्टीत केसाएवढी बारीक नाली. तिच्यातून पेशी मिसळलेलं पाणी वाहू द्यायचं आणि कडेच्या तारांत वीज सोडायची. जिवंत पेशी तारांकडे ओढली जाते, मेलेली सरळ वाहून जाते. एरवी ठकी हे काम गाणं गुणगुणत करायची. आज गाणं सुचेना. एकही पेशी वळली नाही, तर ते आईला सांगणार कोण? तीच.

तिने वीज सोडली मात्र, नालीत बुडबुड्यांचा नुसता धिंगाणा. पाणी तापत होतं.

"आई, यात मीठ घातलंस का?"

आईने मान खाली घातली. "रोज चिमूटभर. त्यांना अळणी घशाखाली उतरायचं नाही ना."

आता बोला! जन्म पाववाल्याच्या घरात गेला आणि मीठ खमिरात! मीठ घालायचं ते कणकेत. खाऱ्या पाण्यात वीज नुसतं पाणी तापवत बसते, आणि खमिरालाही जीव नकोसा होतो. पण बरणीला हातच लावू दिला नव्हता, तर आईला हे कळणार कसं? ठकीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने खमीर साखरपाण्यात धुतलं, यंत्रात गरगर फिरवून गाळ तळाशी बसवला, मग पुन्हा धुतलं.

ठकीने पुन्हा वीज सोडली आणि दोघी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसल्या. ठिपके येत होते आणि सरळ निघून जात होते. आणखी आले, तेही गेले. आईने ठकीचं मनगट घट्ट धरलं.

एक ठिपका अडखळला, वळला आणि कडेला जाऊन बसला.

"तो जिवंत आहे," ठकी म्हणाली. "तो बघ, आणखी एक."

"आणि सरळ गेले ते?"

"ते गेले, आई."

आई बराच वेळ त्या जाणाऱ्यांकडे बघत राहिली. "जाऊ दे त्यांना," ती हळूच म्हणाली.

वळलेले ठिपके ते कितीसे! थेंबभर पाण्यात मावले. ठकीने ते घरी आणले, नव्या बरणीत पीठ कालवून दिलं, आणि मग बरेच दिवस बरणी ढिम्म हलली नाही. आई मात्र रोज तिच्यापुढे बसायची. "ऊठ गं बये, किती झोपशील?"

एके सकाळी ठकी चहा घेऊन आली, तर बरणीतलं पीठ झाकणापर्यंत फुगलं होतं. स्वयंपाकघरात बाबांच्या अंगाला यायचा तो आंबूस वास पसरला होता. आईच्या हातात चमचा होता.

"आई, चहा निवतोय."

"निवू दे," आई ढवळता ढवळता म्हणाली. "आधी हिचं, मग माझं."