कपभर पेट्रोल

रविवारची प्रार्थना सुटायला थोडाच वेळ उरला होता, आणि चर्चसमोर उभी केलेली जेनेझिओची गाडी काही केल्या सुरू होत नव्हती. दहिवर गोठून बॉनेट पांढरं झालं होतं.

"झुल्मिरा, छोट्या टाकीतलं पेट्रोल गेलं कुठं?"

"तुझ्या कोटात," बायको म्हणाली. "बिटाचा डाग कशानं गेला वाटलं तुला? माझ्या गोड बोलण्यानं?"

गाडी उसाच्या अल्कोहोलवर चालायची. झकास चालायची. मात्र थंडीच्या सकाळी ती उठायला कुरकुर करी, म्हणून गाडीच्या कारखान्यानंच बॉनेटखाली पेट्रोलची एक चिमुकली टाकी दिली होती. एक पिचकारी मारली की पुढं दिवसभर अल्कोहोल. गावातल्या भाषणांत जेनेझिओनं ही पिचकारी तेवढी गाळली होती. "परदेशी तेलाचा एक थेंब नको!" हे तो न्हाव्याकडे बोलला होता, बारशाला बोलला होता, एका अंत्ययात्रेतही बोलला होता.

पंचाहत्तर सालच्या हिमानं पराना प्रांतातले कॉफीचे मळे जाळले, तेव्हा त्यानं सगळ्या जमिनीत ऊस लावला. आज प्रार्थनेनंतर मतदान होतं. ही गाडी पाहून गावकऱ्यांनी मिळून अल्कोहोलची भट्टी घालायला होकार दिला तर तो ऊस म्हणजे इंधन. नाही दिला तर गुरांचा चारा. आणि गुरं त्यानं विकून टाकली होती.

तेल वाचवायला सरकारनं शनिवार-रविवार पंप बंद ठेवले होते. त्या निर्णयाला सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या जेनेझिओनंच वाजवल्या होत्या.

चौकात पेट्रोल होतं एकाच माणसाकडे. अनाक्लेतो. जेनेझिओच्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे त्याचा कोंपाद्रे, आणि भट्टीचा कट्टर विरोधक. तो आपल्या जीपला टेकून कॉफी पीत होता.

"काय कोंपाद्रे, आज ऊस उठला नाही वाटतं?"

"कपभर पेट्रोल दे."

"काय देऊ?"

"हळू बोल ना!"

"अरे, तुझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकतोय. जरा चवीनं ऐकू दे की."

"मत विरोधात दे हवं तर, पण पेट्रोल दे."

"विरोधात तर देणारच आहे." अनाक्लेतोनं जीपच्या टाकीत नळी घातली, ओढली, थुंकला आणि थर्मासचं झाकण काठोकाठ भरलं. "तुझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलोय. नाही कसं म्हणू?"

लोक बाहेर यायच्या आत ओतायचं, असा जेनेझिओचा बेत होता. पण भरला कप घेऊन धावता येईना. तो पावलापावलानं गाडीपाशी पोचला तोवर निम्मं गाव तिथं जमलं होतं. सर्वांत पुढं विधवा एर्मिनिया, जिला गाव मानानं दोना म्हणे. गावात थोडीफार कॉफीची झाडं शिल्लक होती ती हिच्याकडेच. तिनं कपाकडे बोट दाखवलं.

"हे काय रे?"

औषध, पाणी, कॉफी – तिन्ही उत्तरं त्याच्या जिभेवर आली. थर्मासच्या झाकणात कॉफी तर खपलीही असती.

"पेट्रोल," तो म्हणाला.



"तू तर म्हणालास, एक थेंब नको."

"थंडीत सुरू व्हायला लागतं. तेवढंच."

"आणि मग?"

"मग दिवसभर ऊस."

म्हातारीनं विचार केला. "माझा नवरा असाच होता. सकाळी घोटभर घेतल्याशिवाय उठायचा नाही. पण मग बैलासारखा राबायचा."

लोक हसले. जेनेझिओला हसू येईना. थोडं पेट्रोल बंपरवर सांडलं. उरलेलं टाकीत ओतून त्यानं किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा खोकली. आठवतील तेवढ्या संतांची नावं त्यानं घेऊन संपवली, आणि ती सुरू झाली. चौकभर दारूचा वास पसरला. पाद्रीबाबांनी दीर्घ श्वास घेतला.

मतदान तिथंच झालं. हातांमागून हात वर गेले. अनाक्लेतोनं आपले खिशात ठेवले. भट्टी मंजूर.

झुल्मिरानं नवऱ्याच्या कोटावरून हात फिरवला. जेनेझिओनं सुटकेचा निःश्वास सोडला, तो अर्धा आत असतानाच दोना एर्मिनियानं त्याची बाही धरली.

"मग उद्याच माणसं लावते. कॉफी उपटून टाकते सगळी."

"एवढी घाई कशाला, दोना? आधी भट्टी उभी राहू दे..."

"आत्ता लावला तर तोवर ऊस तयार होईल, तूच म्हणालास ना? नातवंडांचं सगळं त्याच्यावरच आहे बाबा. होईल ना नीट?"

तिच्या मागं आणखी चार-पाच जण उत्तरासाठी थांबले होते.

"होईल," जेनेझिओ म्हणाला.

इंजिन अजून धडधडत होतं. ते बंद करायचा त्याला धीर होईना.