न बांधलेल्या खोलीचा उकाडा

गावच्या नव्या आरोग्य उपकेंद्राला शहरातल्या दवाखान्यासारखी काच हवी, हा सरपंच राजश्रीताईंचाच आग्रह होता. पण इंजिनिअर श्रद्धाच्या लॅपटॉपवर त्या आराखड्यातली पश्चिमेची खोली लालभडक दिसत होती.

“ही बाळंतपणाची खोली. मे महिन्यात दुपारी चारला इथे अडतीस अंश असतील,” श्रद्धा म्हणाली.

ताई गोंधळल्या. “अगो, अजून पायासुद्धा खणलेला नाही. उकाडा आला कुठून?”

रत्नागिरीचं वर्षभराचं ऊन, वारा, दमटपणा आणि इमारतीची मापं संगणकात घातली, की तो तासातासाचं गणित मांडतो, असं श्रद्धाने समजावलं. ताईंना अर्धंमुर्धंच कळलं.

त्यात भागोजी गवंडी म्हणाला, “चाळीस वर्षं जांभ्या दगडाचा चिरा रचतोय मी. चिऱ्याची भिंत गारच राहते.”

“भिंत गारच आहे, काका. तापतात ती काच आणि वरचा स्लॅब.”

दोघंही जाणकार. खरं कोणाचं मानावं?

वाट भागोजीनेच काढली. “आपण बसलोय ती ही पंचायतीची खोली उभीच हाय. हिलाही पश्चिमेला काच, वर स्लॅब. हिची मापं घाल. मशीन काय बोलतंय ते कागदावर लिहून ठेव. उद्या दुपारी थर्मामीटर लावून बघू.”

श्रद्धाने छत्तीस लिहिले. दुसऱ्या दिवशी चार वाजता पारा साडेछत्तीसवर होता. भागोजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

ताईंचं लुगडं घामाने पाठीला चिकटलं होतं. वीजही गेलेली. आपण इथे अर्धा तास बसलो तर जीव नकोसा झाला. कळा देणारी बाई दहा-बारा तास कशी काढेल? आणि ती काच आपणच मागितली होती!

“काच नको,” त्या म्हणाल्या. “अजून काय बदलू?”

बाळंतपणाची खोली उत्तरेला गेली, स्लॅबवर कौलं आली, पश्चिमेला रुंद पडवी आली. पडद्यावरचा आकडा अडतीसवरून तेहतिसावर उतरला.

हे यंत्र आतून कसं चालतं, ते ताईंना अजूनही सांगता येत नाही. पण मंडळी, आपल्याही गावात शाळा नि दवाखाने उभे राहतील. कळत नाही म्हणून नव्या विद्येला नाकारू नका. पडताळून पाहा, मग पटलं तर ऐका. आराखड्यातली चूक पुसता येते. बांधून झालेली चूक मात्र आत राहणाऱ्यांना सोसावी लागते.