चिमटेबाबांची खाज

आर्णीजवळच्या एका शाळेत हिंदू, बौद्ध आणि मुसलमान मुले एका खोलीत बसली की त्यांना खाज सुटे. वेगवेगळी बसवली की थांबे.

चमत्काराला मालक मिळायला वेळ लागत नाही. शाळा समितीचे अध्यक्ष कमलाकरराव यांनी चिमटेबाबांना बोलावले. अख्ख्या गावासमोर बाबांनी लोखंडी चिमटा खणखणवला.

"धरमाले धरमाची हवा भिडली, हवेतून ठिणगी उडाली, ठिणगी कातड्यात शिरली!"

त्यांच्या आज्ञेने हिंदू मुले देवळाच्या पारावर, बौद्ध मुले विहाराच्या ओसरीत आणि मुसलमान मुले निंबाखाली बसू लागली. खाज गेली. कमलाकररावांनी जाहीर केले, "परवाच्या सभेत ठराव. आता कायमच्या तीन शाळा."

शिक्षिका मात्र एकच होत्या, ममता मॅडम. धावपळीचे त्यांना काही वाटले नसते. पण निंबाखालच्या शफीकने खोडरबर मागितला तेव्हा पारावरच्या उर्वशीने तो दुरूनच फेकला, हे त्यांना फार लागले. त्यांचे शिक्षण विज्ञानाचे. त्यांनी विचार केला: मुले वेगळी झाली हे खरे, पण त्याच दिवशी ती खोलीबाहेरही आली. मग गुण कशाचा?

सभेच्या आदल्या सकाळी त्यांनी सगळी मुले एकत्र निंबाखाली बसवली आणि बाबांना हात जोडले. "महाराज, उद्यापर्यंत आपण एकटेच खोलीत मुक्काम करा. आपल्या तेजाने खोली शुद्ध होईल."

तेजाला नाही म्हणता येईना. खोलीत मागच्या बाजूला बांबूच्या तट्ट्याची आडभिंत होती. तिला टेकून बाबा समाधीत गेले.

दुसऱ्या दिवशी सभेला गाव जमले. निंबाखाली एकत्र बसलेली मुले खाजवत नव्हती. त्या मुलांतल्या अश्वजितची आजी मथुराबाई खोलीत डोकावली आणि ओरडली, "अवं मॅडम, बाबाचा चिमटा पाठीवर चालून राह्यला!"

बाबा बाहेर आले ते दाराच्या चौकटीला पाठ घाशीतच.

"बाबा, तुमी तं एकटेच होते," मथुराबाईने विचारले. "मंग कोन्या धरमाची हवा भिडली तुमाले?"

"ही... ही परीक्षा होय!"

"मंग नापास झाले नं!"

अश्वजितला दया आली. "मॅडम, बाबाले आमच्यात बसू द्या ना. इथं नाही खाजवत."

मॅडमनी आत जाऊन तट्टा ओढला. मागे छतापर्यंत कापूस.

"कमलाकरराव, इथं जुने बाक आहेत म्हणाला होतात."

"कापसाले भाव नाही मॅडम. घरात ठेवला तं लेकरं खाजवत होती, म्हनून..." राव थबकले.

"म्हनून आमची लेकरं बाहेर काढली व्हय?" मथुराबाई म्हणाली.

ठराव झालाच नाही.

कोणी चमत्कार सांगितला, तर त्याला एवढेच विचारावे: त्या दिवशी आणखी काय बदलले होते? इथले कारण साधे होते. त्या किडक्या कापसात बोंडअळी होती. अळीवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव तट्ट्याच्या फटींतून बाहेर येत आणि जवळ बसेल त्याला चावत. कापूस हलवला, खोली धुतली, मुले पुन्हा एकत्र आत बसली. खाज परत आली नाही.